७७० किलोहर्ट्झ : एका रेडिओ केंद्राने वारंवार कात टाकली त्याची गोष्ट



आमच्या इंदूरच्या घरात फळीवर एक रेडिओ होता. त्याच्या काचेवर बाबांनी आईच्या नेलपॉलिशने तीन ठिपके दिले होते. पहिला ठिपका आमच्या गावच्या केंद्राचा, म्हणजे मालवा हाउसचा. दुसरा विविध भारतीचा. आणि तिसरा ठिपका रात्रीचा. दिवसा त्या जागी नुसती खरखर असायची. रात्री नवाच्या पुढे मात्र लांबून, हेलकावे खात, एक मराठी केंद्र ऐकू यायचं. कधी नाट्यसंगीत, कधी बातम्या, कधी कुणाचं भाषण. मी उगाच काटा फिरवायला लागलो की बाबा म्हणायचे, "काटा ठिपक्यावर ठेव. बाकी ते लोक बघून घेतील."

म्हणजे जागा आपण सांभाळायची, आणि काय ऐकवायचं ते केंद्राने ठरवायचं. या समजुतीला पहिला धक्का बसला तो अमेरिकेत. नव्वदच्या दशकात नोकरीमुळे मी काही वर्षं न्यू जर्सीत होतो. ऑफिसातला एक सहकारी मला रोज त्याच्या गाडीतून घेऊन जायचा. वय पन्नाशीचं. गाडीतल्या रेडिओचा आकडा कायम ७७०. त्यावर सकाळपासून कुणीतरी राजकारणावर तावातावाने बोलत असायचं. एकदा मी विचारलं, "तुम्हाला हे इतकं आवडतं?" तो म्हणाला, "नाही रे. तेरा वर्षांचा असताना मी याच आकड्यावर उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून बीटल्स ऐकायचो. सवय झालीय हाताला."

मला काही कळेना. आकडा तोच, मनोरा तोच, केंद्र तेच, आणि तिथली गाणी एके दिवशी बंद होऊन बडबड कशी सुरू झाली? आजच्या भागात या एकाच केंद्राची गोष्ट सांगतो. केंद्राचं नाव डब्ल्यूएबीसी, गाव न्यूयॉर्क, जागा मध्यम लहरींवर ७७०. जगात रेडिओचं काय झालं ते या एका आकड्यावर सगळं दिसतं. आपल्याकडे काय झालं, आणि काय झालं नाही, तेही त्यावरून समजतं.

फॉर्मॅट म्हणजे काय?

आधी एक शब्द समजून घेऊ. आपल्या आकाशवाणीच्या केंद्रावर सकाळी भक्तिगीत, मग बातम्या, दुपारी महिलांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, रात्री शास्त्रीय संगीत, असा दिवसभराचा फराळ असतो. अमेरिकेत साठ-सत्तर वर्षांपूर्वी वेगळी पद्धत रुळली. एका केंद्रावर दिवसभर एकाच प्रकारचा माल. कुठे फक्त ताजी लोकप्रिय गाणी, कुठे फक्त बातम्या, कुठे फक्त ग्रामीण ढंगाची गाणी. या ठरलेल्या साच्याला तिथे फॉर्मॅट म्हणतात.

यामागे पैशाचं गणित आहे. खासगी केंद्र श्रोत्याकडून काही घेत नाही. श्रोत्याचं लक्ष ते जाहिरातदाराला विकतं. त्यामुळे फॉर्मॅट ठरवणं म्हणजे "आपण काय ऐकवायचं" यापेक्षा "आपल्याकडे कोणी यायला हवं" हे ठरवणं. आणि कोणाला बोलवायचं हे ठरलं की कोणाला सोडून द्यायचं हेही आपोआप ठरतं. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पहिला अवतार : यंत्र विकण्यासाठी रेडिओ

१९२१ साली वेस्टिंगहाउस या कंपनीने न्यू जर्सीतल्या न्यूअर्क गावात, आपल्या कारखान्याच्या गच्चीवरच्या लहानशा खोलीत एक केंद्र सुरू केलं. तेव्हा त्याचं नाव डब्ल्यूजेझेड. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या दोन बेसबॉल संघांमध्ये अंतिम मालिका रंगली होती. मैदानावरून एक वार्ताहर टेलिफोनवर खेळ सांगायचा आणि गच्चीवरचा निवेदक तेच मायक्रोफोनमध्ये पुन्हा बोलायचा. निवेदकाने एकही चेंडू पाहिला नव्हता, पण लोक थक्क झाले.

हे सगळं कशासाठी? वेस्टिंगहाउस रेडिओ संच बनवायची. हवेत ऐकण्यासारखं काही असल्याशिवाय संच कोण घेणार? म्हणून केंद्र. त्या वेळी जाहिरात हा प्रकार रेडिओवर नव्हताच. तो पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९२२ मध्ये, शेजारच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर आला. जाहिरात कसली होती, तर न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागातल्या फ्लॅटची. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं असेल तर हसू येईल, कारण आज तोच भाग साड्या, सोनं आणि किराणा मालाच्या भारतीय दुकानांसाठी ओळखला जातो.

दुसरा अवतार : जाळ्याचं मुख्य केंद्र

१९२३ मध्ये हे केंद्र आरसीए या कंपनीकडे आलं आणि न्यूयॉर्क शहरात हललं. आता नवा प्रश्न. चांगला वाद्यवृंद, चांगले नट यांना पैसे द्यावे लागतात. एका गावाच्या केंद्राला ते परवडत नाही. उपाय सापडला तो असा की न्यूयॉर्कला कार्यक्रम करायचा आणि टेलिफोनच्या तारांवरून गावोगावच्या केंद्रांना एकाच वेळी पुरवायचा. एनबीसीची अशी दोन जाळी होती, लाल आणि निळं. निळ्या जाळ्याचं काम १ जानेवारी १९२७ ला सुरू झालं आणि डब्ल्यूजेझेड त्याचं मुख्य केंद्र झालं. पुढची वीस-पंचवीस वर्षं लोक संध्याकाळी रेडिओसमोर बसून मालिका, विनोद, ऑपेरा ऐकत होते, जसे आपण नंतर टीव्हीसमोर बसलो.

एकाच मालकाच्या हातात दोन जाळी नकोत, असा तिथल्या सरकारी नियंत्रकाने आग्रह धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, एनबीसी हरली आणि १९४३ मध्ये निळं जाळं विकावं लागलं. घेणारा होता एडवर्ड नोबल, लाइफ सेव्हर्स नावाच्या गोळ्या विकून श्रीमंत झालेला माणूस. किंमत ८० लाख डॉलर. या जाळ्याचं नाव पुढे एबीसी झालं आणि १९५३ मध्ये केंद्राचं नाव डब्ल्यूएबीसी.

पण नाव बदलेपर्यंत घरात टीव्ही आला होता. मालिका गेल्या, नट गेले, जाहिरातदार गेले. संध्याकाळचा श्रोता सोफ्यावर बसून पडद्याकडे बघायला लागला. पन्नास हजार वॅटचा, म्हणजे अमेरिकेत एएमला परवानगी असलेल्या सगळ्यात मोठ्या ताकदीचा प्रक्षेपक हातात आहे, आणि त्यावर लावायला काही नाही, अशी अवस्था झाली.

तिसरा अवतार : गाणी, गाणी आणि गाणी

टीव्हीला काय जमत नाही? तो गाडीत नेता येत नाही. खिशात घालता येत नाही. १९५४ मध्ये खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेच्या बाजारात आला होता. म्हणजे घरातला मोठा संच आईवडिलांचा राहिला, पण पोरांच्या हातात स्वतःचा रेडिओ आला. हा नवा श्रोता होता आणि त्याला गाणी हवी होती. लोकप्रिय गाण्यांची छोटी यादी करून तीच पुन्हापुन्हा वाजवायची, हा प्रयोग मध्य अमेरिकेतल्या ओमाहासारख्या गावांत आधीच यशस्वी झाला होता.

डब्ल्यूएबीसीने आधी चाचपडत सुरुवात केली. १९५८ मध्ये रॉक अँड रोलचा प्रसिद्ध निवेदक अ‍ॅलन फ्रीड तिथे आला. पण गाणी वाजवण्यासाठी रेकॉर्ड कंपन्यांकडून पैसे घेण्याच्या प्रकरणाचा गवगवा झाला आणि १९५९ च्या नोव्हेंबरात त्याला काढलं गेलं. मग ७ डिसेंबर १९६० पासून केंद्राने पूर्णवेळ गाण्यांचा फॉर्मॅट धरला.

१९६३ मध्ये रिक स्क्लार हा कार्यक्रमप्रमुख झाला. त्याची पद्धत अगदी दुकानदाराची. रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांना फोन करून या आठवड्यात काय खपलं ते विचारायचं. त्यावरून छोटी यादी. पहिल्या क्रमांकाचं गाणं साधारण तासा-सव्वा तासाने परत आलंच पाहिजे. का? कारण लोक रेडिओ काही पूर्ण दिवस ऐकत नाहीत. गाडीत बसलेला माणूस वीस-पंचवीस मिनिटं ऐकतो. तेवढ्यात त्याचं आवडतं गाणं लागायची शक्यता जितकी जास्त, तितका तो काटा हलवणार नाही. मध्येमध्ये केंद्राच्या नावाच्या गाऊन म्हटलेल्या छोट्या चाली, आणि डॅन इन्ग्रम, "कझिन ब्रूसी" म्हणजे ब्रूस मॉरो यांच्यासारखे निवेदक. १९६४ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कला आले तेव्हा या केंद्राने स्वतःच्या नावातच "बीटल" घुसवून घेतलं.

आणि रात्री तर या केंद्राचा पसारा आणखी वाढायचा. आमच्या तिसऱ्या ठिपक्याचं कोडं इथे सुटतं. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात. वर गेलेल्या लहरी वातावरणाच्या वरच्या भागातला एक विद्युतभारित थर गिळून टाकतो. हा थर सूर्यामुळे तयार होतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब जमिनीवर परत येतात. त्यामुळे न्यूयॉर्कचं केंद्र रात्री पूर्व अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ऐकू यायचं, आणि आमच्या इंदूरला ते मराठी केंद्र. थरांची उंची सारखी बदलते म्हणून आवाज हेलकावे खातो.

चौथा अवतार : गाणी गेली, बोलणं राहिलं

मग हे सगळं मोडलं कशाने? माझा सहकारी म्हणाला होता, "एफएमने." बरोबर आहे, पण त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत.

पहिली गोष्ट तंत्राची. एएममध्ये आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. वीज चमकली, ट्यूबलाइट लागली, मिक्सर फिरला की त्याचाही परिणाम उंचीवरच होतो, म्हणून खरखर. एफएममध्ये उंची तीच राहते, लहरींची दाटी कमीजास्त होते, त्यामुळे बरीचशी खरखर गाळता येते. शिवाय एएमच्या केंद्रांना एकमेकांत फार थोडी जागा मिळते. अमेरिकेत दोन आकड्यांत १० किलोहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे ९ चं. त्या अरुंद जागेत झांजांची किणकिण, व्हायोलिनचे वरचे बारीक स्वर मावत नाहीत. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर येतात आणि १९६१ पासून अमेरिकेत एफएमवर स्टीरिओही आला.

दुसरी गोष्ट कायद्याची. सुरुवातीला एएमचे मालक आपल्या एफएमवर तोच कार्यक्रम लावून मोकळे व्हायचे. नियंत्रकाने १९६४ मध्ये नियम केला की मोठ्या शहरांत एफएमवर निम्म्यापेक्षा जास्त वेळ एएमची नक्कल चालणार नाही. १९६७ च्या सुरुवातीपासून तो लागू झाला. आता एफएमवर काहीतरी वेगळं लावणं भागच होतं. तिथे लांबलचक गाणी, अल्बमच्या अल्बम वाजायला लागले. तरुण श्रोता हळूहळू तिकडे सरकला.

तिसरी गोष्ट स्पर्धेची. १९७८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ९२.३ एफएमवर डब्ल्यूकेटीयू या केंद्राने डिस्को लावलं आणि काही महिन्यांतच ते शहरात अव्वल झालं. डब्ल्यूएबीसीने डिस्को वाढवून पाहिलं. पण तेच गाणं खरखरीत आणि एका कानाने का ऐकायचं? एएमवर स्टीरिओ आणायच्या अनेक पद्धती निघाल्या होत्या. १९८२ मध्ये नियंत्रकाने, कुठली पद्धत चालवायची ते बाजाराने ठरवावं, असं म्हणून हात झटकले. कोणत्या पद्धतीचे संच बनवायचे हे कारखान्यांना कळेना, आणि तोवर श्रोते निघून गेले होते.

१० मे १९८२. सकाळी नऊ ते बारा डॅन इन्ग्रम आणि रॉन लंडी यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. शेवटचं गाणं जॉन लेननचं "इमॅजिन". दुपारी बाराला गाणी थांबली आणि बोलणं सुरू झालं. न्यूयॉर्कच्या रेडिओवेड्या मंडळींत आजही या तारखेला "संगीत मेलं तो दिवस" म्हणतात.

बोलणंच का? इथे तंत्र पुन्हा कामाला येतं. माणसाचं बोलणं समजायला फार रुंद जागा लागत नाही. टेलिफोनने कित्येक दशकं ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्टीत जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलवलं. म्हणजे गाण्याला एएम अपुरं पडतं, पण बोलण्याला पुरतं. न्यूयॉर्कच्याच १०१० आकड्यावरच्या विन्स केंद्राने १९६५ मध्ये गाणी सोडून दिवसभर बातम्या धरल्या होत्या, डब्ल्यूएमसीएने १९७० मध्ये गप्पा धरल्या होत्या. डब्ल्यूएबीसी त्या रांगेत शेवटी आलं.

आता या केंद्राने काय केलं ते एका ओळीत पाहा. दर वेळी कुणीतरी नवा आला आणि त्याच्याजवळचा माल घेऊन गेला. टीव्हीने नाटकं नेली, एफएमने गाणी नेली. दर वेळी केंद्राने स्वतःला विचारलं, "नव्या पाहुण्याला जे जमत नाही, असं माझ्याकडे काय उरलंय?" फॉर्मॅट म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

बोलणं कोणाचं?

पुढची कलाटणी १९८७ ची. अमेरिकेत १९४९ पासून एक दंडक होता. केंद्राने वादाच्या विषयांना जागा द्यावी आणि वेगवेगळ्या बाजू मांडू द्याव्यात. ऑगस्ट १९८७ मध्ये तो रद्द झाला. साधारण एका वर्षाने, १ ऑगस्ट १९८८ ला, रश लिंबॉ यांचा देशभर जाणारा कार्यक्रम डब्ल्यूएबीसीच्या स्टुडिओतून सुरू झाला. एक माणूस, एक मायक्रोफोन, एक राजकीय बाजू, रोज तीन तास. कायदा बदलला हे एक कारण. दुसरं, आता उपग्रहावरून एकच कार्यक्रम शेकडो केंद्रांना स्वस्तात पुरवता येत होता. गावच्या एएम केंद्राकडे गाणी उरली नव्हती, निवेदकाला पगार द्यायला पैसे नव्हते. वरून तयार कार्यक्रम उतरवला की दुपार निघाली.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात विचार करायला लावतो. ज्या फॉर्मॅटने एएम केंद्रांना तगवलं, त्यानेच त्यांतलं गाव काढून घेतलं. कोणत्या पक्षाची बाजू हा आजचा विषय नाही. पण गावोगावच्या काट्यांवर एकच आवाज यायला लागला, तेव्हा पुराची, रस्त्याची, शाळेची बातमी सांगणारा माणूस खुर्चीवरून उठला होता.

ती खुर्ची रिकामी असण्याची किंमत कधी कळते, तेही मी पाहिलं. १४ ऑगस्ट २००३ ला दुपारी चारच्या सुमारास ईशान्य अमेरिकेतली वीज गेली. न्यूयॉर्क अंधारात, आमच्या भागातही वीज नाही. मोबाइल लागेना, टीव्ही बंद. ऑफिसच्या आवारात लोक आपापल्या गाड्यांची दारं उघडून रेडिओ लावून उभे होते. एका एएम केंद्रावरून माणूस सांगत होता, कुठले बोगदे बंद आहेत, कुठल्या बोटी चालू आहेत. ११ सप्टेंबरला दोन वर्षं व्हायची होती, सगळ्यांच्या मनात तीच भीती. हा हल्ला नाही, एवढं एक वाक्य ऐकल्यावर माझ्या सहकाऱ्याने गाडीच्या टपावर हात टेकून सुस्कारा सोडला. त्या दिवशी कुणालाही स्टीरिओची आठवण झाली नाही.

आज ७७० वर काय आहे?

२०२० मध्ये डब्ल्यूएबीसी पुन्हा विकलं गेलं. घेणारे जॉन कॅट्सिमाटिडिस, किराणा दुकानांच्या साखळीचे मालक. किंमत १ कोटी २५ लाख डॉलर. १९४३ मध्ये गोळ्यावाल्याने ८० लाखांत अख्खं जाळं घेतलं होतं, आणि ते ८० लाख आजच्या हिशोबात दहा कोटींच्या वर जातात. यावरून एएमची बाजारातली पत किती उतरली ते कळेल.

पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक गंमत झाली. शनिवारी रात्री कझिन ब्रूसी परत आला. वय ऐंशीच्या पुढे. तीच जुनी गाणी, तोच आकडा. आठवडाभर बोलणं आणि शनिवारी रात्री आठवणी. बाजाराच्या भाषेत ही वयस्कर श्रोत्यांसाठीची सोय आहे. माझ्या सहकाऱ्यासारख्यांसाठी मात्र ४६ वर्षांनी घरी परतलेला माणूस होता तो, कारण ब्रूसीने हे केंद्र १९७४ मध्ये सोडलं होतं.

शेजारी काय चाललंय तेही बघा. विन्सच्या बातम्या ऑक्टोबर २०२२ पासून एफएमवरही लागतात, आणि त्या लागतात ९२.३ वर, म्हणजे ज्या आकड्यावरच्या डिस्कोने डब्ल्यूएबीसीला हरवलं होतं तिथेच. ८८० वरचं डब्ल्यूसीबीएस हे बातम्यांचं केंद्र १९६७ पासून चालू होतं, त्याच्या बातम्या ऑगस्ट २०२४ मध्ये थांबल्या आणि तिथे खेळांच्या गप्पा आल्या. म्हणजे आता बोलणंही एएमवरून निघालंय. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या यंत्रणेतून एएमच्या पट्ट्यात खरखर येते म्हणून काही कंपन्यांनी गाडीतून एएम काढून टाकायला सुरुवात केली. त्यावर, प्रत्येक गाडीत एएम असलंच पाहिजे, असा कायदा करावा म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या संसदेत विधेयक आलं. त्यासाठी दिलेलं मुख्य कारण संकटकाळातल्या सूचनांचंच होतं.

आणि आपल्याकडे?

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे एएम खासगी मालकीचं बाजारू केंद्र झालं नाही. तरी स्पर्धेने फॉर्मॅट बदलण्याचं एक ठळक उदाहरण आहे. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर, आपले मराठीच, यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सरळ काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, आणि १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. "आपला श्रोता कुठे गेला?" हा प्रश्न आपणही एकदा विचारला होता.

पुढे २००१ पासून खासगी एफएम आलं आणि गाणी तिकडे गेली, अगदी न्यूयॉर्कसारखीच. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. म्हणजे बोलण्याचं मैदान मध्यम लहरींसाठी मोकळं होतं. तिथे गावचं, आपल्या भाषेतलं बोलणं फुलवता आलं असतं. गेल्या काही वर्षांत मात्र मध्यम लहरींवरची अनेक प्रक्षेपणं बंद झाली. कार्यक्रम एफएमवर आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर गेले. कारणं खोटी नाहीत. जुने प्रक्षेपक वीज खातात, सुटे भाग मिळत नाहीत, संच कुणाकडे उरलेले नाहीत. अ‍ॅपवर तर चेन्नईत बसून पुणे केंद्र स्वच्छ ऐकता येतं. मी रोज ऐकतो.

फक्त हिशोबात एक गोष्ट धरली पाहिजे. एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्याएवढीच जाते, रात्री आकाशातून परत येत नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी घरांना महाराष्ट्रातलं केंद्र फुकटात, अंधारात, एका हाताने लागायचं ते मध्यम लहरींमुळे. ते गेलं, आणि जाताना कुणाला विचारायचं राहिलं ते आमच्या बाबांना.

बाबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. तिसऱ्या ठिपक्यावर रात्री नुसती खरखर येऊ लागली. आठवडाभर त्यांना वाटलं रेडिओच बिघडलाय. मी फोनवर अ‍ॅप घालून दिलं, केंद्र लावून दिलं. त्यांनी फोन हातात घेतला, काचेवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, "छान येतंय. पण ठिपका कुठे लावू?" शेवटी मी रोज रात्री नवाला स्वतःच लावून द्यायचो. मी गावाला गेलो की त्यांचं ऐकणं बंद.

म्हणून, फॉर्मॅट बदलू नये असं मी म्हणणार नाही. डब्ल्यूएबीसी बदललं नसतं तर १९५५ लाच संपलं असतं. पण बदल करताना "नवीन कोण येईल" इतकाच "जुनं कोण राहिलंय, आणि त्याला दुसरीकडे जायला वाट आहे का" हाही प्रश्न टेबलावर हवा. न्यूयॉर्कला तो जाहिरातदाराने विचारू दिला नाही. आपल्याकडे जाहिरातदाराची तेवढी सक्ती नव्हती.

जाता जाता एक काम देतो. घरात कुठे जुना रेडिओ असेल तर आज रात्री नऊनंतर काढा. बॅटरीवर चालवा, ट्यूबलाइट आणि चार्जर बंद करा. आत फेराइटचा दांडा असतो, तो दिशा धरतो, म्हणून काटा लावून संच सावकाश गोल फिरवा. केंद्राचा आकडा नऊने भाग जाणारा असेल, जसा आमच्या इंदूरचा ६४८. काय ऐकू आलं, कुठल्या गावी ऐकू आलं, ते एका वहीत लिहून ठेवा. घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना शेजारी बसवा आणि विचारा, त्यांच्या काचेवरचे ठिपके कुठे कुठे होते. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.